हे कोणी केले?

दिवाळीच्या दिवसांत भोरच्या कोणत्याही आळीतून फेरफटका मारला, तर दोन-चार अंगणांत तरी मातीचे किल्ले उभे दिसतात. एका बाजूला रोहिडा आणि डोंगरांपलीकडे वेल्ह्याकडे राजगड व तोरणा, असे खरेखुरे किल्ले ज्यांच्या शेजाराला आहेत, त्या मुलांना नमुना शोधण्यासाठी लांब जावे लागत नाही. राजगडाच्या तीन माच्या, मधोमध बालेकिल्ला, उतारावर पेरलेल्या हळिवाची हिरवळ, असा सारा थाट असतो. येणारा-जाणारा कौतुकाने विचारतो, "कोणी केला रे किल्ला?" मुलगा छाती पुढे काढून म्हणतो, "मी!" मागे पायरीवर बसलेले वडील त्या वेळी कोपरापर्यंत लागलेली माती धूत असतात. विचारणारा हसतो, वडीलही हसतात आणि प्रश्न तेथेच संपतो.

या हसण्यात काही वावगे आहे, असे मला कधी वाटले नव्हते. परंतु गेल्या वर्षी माझ्याच घरात हा प्रश्न एका तेरा वर्षांच्या मुलाने मला विचारला, आणि त्याचे उत्तर देताना माझी मान खाली गेली. तेव्हापासून या साध्या प्रश्नाने माझा पाठपुरावा सोडलेला नाही. ‘हे मी केले’ असे म्हणण्याचा अधिकार माणसाला नेमका केव्हा प्राप्त होतो? आणि दुसऱ्याला मदत करणाऱ्याने आपला हात कोठे थांबवावा?

घडले ते असे. माझी धाकटी बहीण व मेहुणे नोकरीनिमित्त वेल्ह्याला असतात. त्यांचा मुलगा शिक्षणासाठी माझ्याकडे भोरला राहतो. हात चालणारा मुलगा आहे. मोडके घड्याळ दिसले की ते उघडल्यावाचून त्याला राहवत नाही. एका संध्याकाळी मी त्याला माझ्या लहानपणीची एक आठवण सांगितली. १९७५ च्या सुमारास मी नऊ-दहा वर्षांचा असताना आम्ही मुंबईला एका परिचितांकडे गेलो होतो. त्यांच्या दिवाणखान्यात विलायतेहून आणलेला एक खेळ मांडलेला होता. काळा रस्ता, त्याच्या मधोमध एक बारीक खाच, आणि त्या खाचेतून विजेवर धावणाऱ्या दोन चिमुकल्या शर्यतीच्या गाड्या. मी पुढे झालो तोच कोणी तरी म्हणाले, "हात लावू नकोस." मी लावला नाही. पण ती गाडी जवळजवळ पन्नास वर्षे माझ्या मनात धावत राहिली.

या खेळाला स्लॉट कार म्हणतात. गाडीच्या नाकाखाली एक लहानसे पाते असते, ते रस्त्याच्या खाचेत बसते. खाचेच्या दोन्ही अंगांना धातूच्या पट्ट्या असतात. पात्याच्या दोन बाजूंच्या तांब्याच्या जाळ्या त्या पट्ट्यांवर घासत जातात आणि मोटरला वीज पोचवतात. गाडी कोठे जाणार हे खाच ठरवते. किती वेगाने जाणार हे खेळणाऱ्याच्या हातातील बटण ठरवते. वळणावर हात आवरला नाही, तर गाडीची शेपटी बाहेर फेकली जाते आणि गाडी खाच सोडून उलटते. इंग्लंडमध्ये फ्रेड फ्रान्सिस यांनी आपल्या कारखान्यातील स्प्रिंगवर चालणाऱ्या पत्र्याच्या गाड्यांना विजेची मोटर बसवली आणि १९५७ साली ‘स्केलेक्स्ट्रिक’ या नावाने हा खेळ बाजारात आणला. त्या पहिल्या गाड्यांत मासेराती २५० एफ ही लांबट, उघड्या बैठकीची गाडी होती. अर्जेंटिनाचा हुआन मॅन्युएल फॅन्जिओ त्याच वर्षी त्याच जातीची खरी गाडी हाकून पाचव्यांदा जगज्जेता झाला.

"मामा, आपण करू या का?" भाच्याने विचारले. तयार संच विकत मिळतात हे त्याला ठाऊक होते, पण त्याला ते नको होते. त्या जुन्या घाटाची गाडी शून्यापासून घरी घडवायची, असे ठरले. शाळेचे विज्ञान प्रदर्शन दोन महिन्यांवर होते. गाडी तेथे ठेवायची, असेही त्याने मनाशी योजले. वस्तू विद्यार्थ्याने स्वतः केलेली असावी, एवढीच प्रदर्शनाची अट होती.

प्रमाण बत्तीसास एक असे धरले. म्हणजे चार मीटर लांबीची गाडी साडेबारा सेंटीमीटरची होते. मेहुण्यांनी वेल्ह्याहून कुंपणातील पांगाऱ्याचा एक वाळलेला तुकडा आणला. सावंतवाडीची प्रसिद्ध खेळणी परंपरेने याच हलक्या, मऊ लाकडाची होत. भाच्याने ते लाकूड चाकूने तासले, आतून पोखरले आणि काचपेपरने घासून घासून गाडीचे अंग गुळगुळीत केले. सांगाडा मोडीतल्या पितळी पट्टीचा आणि सायकलच्या स्पोकचा. मागच्या चाकांचा आसही स्पोकचाच, तो फिरण्यासाठी पितळेची बारीक नळी. टायर रबरी चपलेच्या तळव्यातून कापलेले. मोटर आणि दातेरी चक्रांची जोडी एका मोडक्या खेळण्यातून काढली. वीज घेणारी जाळी टीव्हीच्या जुन्या केबलच्या पोटातून निघाली. वेग कमीजास्त करण्यासाठी हीटरच्या जळक्या कॉइलचा चौथा भाग फळीवर ताणून बसवला. रस्ता प्लायवूडचा. त्यावरची तांब्याची चिकट पट्टी तेवढी पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक बाजारातून आणावी लागली. सहा व्होल्टचा एक जुना अडॅप्टर घरात होताच.

टाकाऊतून खेळणे करण्याची ही दृष्टी मुलाला अरविंद गुप्तांच्या पुस्तकांतून मिळाली होती. कानपूरच्या आयआयटीतून अभियंता होऊन हा माणूस पुण्यात टेल्कोच्या कारखान्यात मालमोटारी बनवण्याच्या कामाला लागला. १९७८ साली होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात तो सामील झाला आणि काडेपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांपासून मुलांसाठी विज्ञानाची खेळणी करू लागला. पुढे पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेच्या बालविज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे काम केले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांतील एक गोष्ट मला तेव्हा जाणवली नव्हती, ती आता जाणवते. त्या खेळण्यांत काडी काडीच दिसते आणि रिफिल रिफिलच दिसते. कोठून काय घेतले हे लपवलेले नसते.

आमची गाडी एका ठिकाणी अडली. मागच्या आसाची नळी सांगाड्याला काटकोनात सोल्डर करायची होती. ती काटकोनात नसेल, तर चाके तिरपी बसतात आणि गाडी एका अंगाला ओढते. मुलाचा पहिला सांधा थंड पडून सुटला. दुसरा वाकडा झाला. तिसऱ्यांदा त्याने नळीखाली काड्यापेटी ठेवली, पेस्ट लावली, श्वास रोखून सोल्डरिंग आयर्न टेकवले. सांधा धरला, पण वर सोल्डरचा एक ओबडधोबड गोळा राहिला आणि नळी केसभर कललेलीच राहिली. गाडी धावली, पण तिसऱ्या वळणावर दर खेपेस बाहेर पडू लागली. "उद्या बघू," असे म्हणून तो झोपी गेला. उद्या प्रदर्शन होते.

वाचकहो, त्या रात्री मी काय केले हे तुम्ही ओळखले असेल. दहा मिनिटांचे तर काम होते. मी तो सांधा सोडवला, गुण्या लावून नळी सरळ केली आणि चकचकीत, सपाट सांधा दिला. गाडी अलगद चालवून पाहिली. तिसरे वळण तिने सहज घेतले. मला झालेला आनंद केवळ मामाचा नव्हता, हे मला कबूल केले पाहिजे. ‘हात लावू नकोस’ असे ज्याला सांगितले गेले होते, त्या दहा वर्षांच्या मुलाने त्या रात्री हात लावून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी परीक्षक आमच्या टेबलाशी आले. गाडी धावताना पाहून त्यांनी मुलाला विचारले, "यात सर्वांत अवघड काय होते?" तो म्हणाला, "मागच्या आसाची नळी सरळ बसवणं. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा जमलं. काल थोडी ओढत होती, पण आज बरोबर चालतेय." हे सांगताना त्याचा चेहरा उजळला होता. मी दोन पावले मागे उभा होतो. मी काही बोललो नाही. त्याला दुसरे बक्षीस मिळाले.

आठवड्याने टायर बदलण्यासाठी त्याने गाडी उलटी केली आणि बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला. मग शांतपणे म्हणाला, "मामा, हा सांधा माझा नाही. माझ्या सांध्यावर गोळा होता. हा कोणी केला?" मी सांगितले. तो रागावला नाही. त्याने एवढेच विचारले, "मग मी सरांना खोटं सांगितलं का?"

त्या प्रश्नाला मी दिलेली पहिली उत्तरे वकिली थाटाची होती. मी म्हणालो, अरे, संपूर्णपणे स्वतः असे कोण काय करतो? मोटर तू केलीस का? ती कोणत्या तरी कारखान्यात कोणी तरी गुंडाळली. पितळ तू वितळवलेस का? पांगारा तू वाढवलास का? एवढेच काय, गाडी ज्या विजेवर धावते ती कोठून आली? आपल्या शेजारी भाटघरच्या धरणाच्या पायथ्याशी वीजगृह आहे, १९२० च्या दशकात पुऱ्या झालेल्या त्या धरणाच्या पाण्याखाली लोकांची शेतेभाते गेली आहेत. तारेतून येणारी वीज कोणत्या पाण्याची, कोणत्या कोळशाची, हे तिच्यावर लिहिलेले नसते. शून्यातून निर्माण करणारा एकटा परमेश्वर आहे. आपण सारे मिळालेल्या वस्तूंतून काही तरी जुळवतो. मग त्यात मामाचा एक सांधा आला, तर बिघडले कोठे?

युक्तिवाद ऐकायला ठीक होता, आणि त्यातले प्रत्येक वाक्य खरेही होते. तरी निष्कर्ष खोटा होता. का खोटा होता, हे उमगायला मला काही दिवस लागले.

मोटर मुलाची नव्हती, हे त्याला ठाऊक होते, परीक्षकांना ठाऊक होते, पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. त्या बाबतीत कोणाचीही फसवणूक झाली नव्हती. उसने घेतलेले उसने म्हणून दिसत होते. माझा सांधा मात्र त्याच्या सांध्याच्या जागी, त्याचे नाव धारण करून बसला होता. फरक मदतीच्या प्रमाणात नाही, तो लपवण्यात आहे. शंभर गोष्टी इतरांकडून घेऊनही ‘हे मी केले’ हा शब्द खरा राहू शकतो, जर घेतलेले उघड असेल. आणि एकच गोष्ट चोरून घातली गेली, तर तोच शब्द पोकळ होतो.

येथे एक आक्षेप माझ्या मनात आला, आणि तो आपल्या घरांतील बऱ्याच जणांच्या मनात येईल. गुप्तपणे केलेले दान श्रेष्ठ, अशीच तर आपल्याला शुभवर्तमानाची शिकवण आहे. दानाचा गाजावाजा करू नये, एका हाताने दिलेले दुसऱ्या हातालाही उमगू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मग रात्री गुपचूप केलेली माझी मदत त्याच जातीची नव्हती का?

नव्हती. गुप्त दानात देणारा स्वतःला लपवतो, पण घेणाऱ्याला आपल्याला मिळाले आहे हे कळत असते. उंबऱ्याशी तांदळाची पिशवी सापडलेल्या विधवेला ती कोणी ठेवली हे कळत नाही, मात्र ते तांदूळ आपल्या शेतात पिकले असे तिला कधीही वाटत नाही. मी केवळ देणारा लपवला नाही, देणेच लपवले. परिणामी त्या मुलाची स्वतःविषयीची समजूत मी खोटी करून टाकली. तिसऱ्या प्रयत्नात आपल्याला काटकोन साधला, असे तो आठ दिवस मानत होता. त्याने खोटे सांगितले नव्हते, कारण त्याला ते खरे वाटत होते. परंतु एका सरळ मुलाच्या तोंडून असत्य वदवले गेले होते, आणि वदवणारा मी होतो.

असा लपवाछपवीचा उपकार घेणाऱ्याकडून दोन गोष्टी हिरावून नेतो. पहिली म्हणजे त्याचे अपयश. केसभर कललेली नळी ही त्या मुलाची कमाई होती. काय चुकले हे शोधण्याची आणि चौथ्यांदा बसण्याची संधी तिच्यात होती. ती मी दहा मिनिटांत पुसून टाकली. दुसरी गोष्ट म्हणजे त्याचा शब्द. माणसाजवळ वस्तू थोड्या असोत की फार, ‘हे माझे आणि हे माझे नव्हे’ असे सांगताना तो कचरला नाही, तर त्याच्या शब्दाला वजन राहते. प्रेमापोटी आपण मुलांचे प्रकल्प पुरे करतो, चित्रे रंगवतो, निबंध सुधारून देतो. आणि मग मोठेपणी त्यांनी प्रामाणिक असावे, अशी अपेक्षा बाळगतो.

"सरांना सांगायला हवं," मुलगा म्हणाला. मला ते नको होते. शाळेत जाऊन आपली लबाडी स्वतः सांगणे या वयात सोपे नसते. पण तो एकटा जायला निघाला, तेव्हा मला चपला घालाव्याच लागल्या. सरांनी सारे ऐकून घेतले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. ते मुलाला म्हणाले, "बक्षिसाचं नंतर बघू. आधी गाडीसोबत एक कार्ड लाव. त्यावर कोणी काय केलं ते लिही. काही वगळू नकोस."

ते कार्ड लिहायला मुलाला पूर्ण संध्याकाळ लागली. लाकूड बाबांनी आणले. मोटर व चक्रे मोडक्या खेळण्यातली. पितळ मोडीतले. जाळी केबलमधली. गाडीचा घाट मासेराती कंपनीचा. कल्पना मामाची. मागचा सांधा मामाचा. कार्डाची एक बाजू भरली, तेव्हा त्याने ते उलटले आणि ‘माझे’ असे लिहून खाली चारच ओळी लिहिल्या: लाकूड कोरणे, चाके कापून गोल करणे, पुढचे दोन सांधे, वेगाचे बटण. मला वाटले, एवढे थोडके उरले म्हणून तो हिरमुसेल. तसे काही झाले नाही. त्या चार ओळी त्याने दोनदा वाचल्या आणि कार्ड माझ्या हातात दिले. बक्षीस सरांनी त्या चार ओळींवर कायम ठेवले.

जे सारे विकत घेतात, त्यांना असे कार्ड लिहिण्याची गरज कधी पडत नाही, आणि म्हणून आपल्यावर कोणाकोणाचे ऋण आहे हे त्यांना समजतही नाही. शून्यापासून घडवू पाहणाऱ्याला मात्र पावलोपावली आढळते की शून्य कोठेच नाही. नळी हवी तर कोणी तरी ती आधी ओढलेली असते. लाकूड हवे तर झाड आधी उगवलेले असते. हाताने काम केल्याने माणूस स्वयंपूर्ण होतो, असा एक समज आहे. माझा अनुभव याउलट आहे. हाताने काम केल्याने आपण स्वयंपूर्ण नाही हे कळते, आणि तरीही चार ओळी आपल्या असू शकतात हेही कळते.

मदत कोठे थांबावी, याचे उत्तर मला त्या खेळातच मिळाले. स्लॉट कारच्या शर्यतीत प्रत्येक वळणाशी एक मदतनीस उभा असतो. गाडी उलटली की ती उचलून पुन्हा खाचेत ठेवायची आणि हात काढून घ्यायचा, एवढेच त्याचे काम. तो गाडी पुढे ढकलत नाही, हाकत नाही. त्याची मदत सर्वांच्या डोळ्यांसमोर होते, आणि तिच्यावाचून शर्यत पुरी होऊ शकत नाही. आई-वडिलांना, शिक्षकांना, मामांना याहून अधिक काय करायचे असते?

मुलाने माझा सांधा सोडवला आणि चौथ्यांदा स्वतः दिला. गोळा आता लहान आहे. नळी अजून किंचित कललेली आहे, त्यामुळे तिसऱ्या वळणावर वेग उतरवला नाही तर गाडी बाहेर पडते. सुट्टीत बहीण वेल्ह्याहून धाकट्या मुलीला घेऊन येते, तेव्हा ती चिमुरडी त्या वळणाशी मांडी घालून बसते. गाडी पडली की दोन्ही हातांनी उचलते, जीभ दातांत धरून पाते खाचेत बसवते आणि मोठ्याने म्हणते, "सोडली!"